बिडाचा तवा मुरवताना

माझी 26 वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत, फौंड्रीत गेली. त्यातली बहुतेक फेटलिंगला. ओतकाम थंड झालं की वाळू झाडायची, कडेचं फाजील बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ग्राइंडरनं उडवायचं. त्यामुळं बीड म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको, असा माझा समज होता. पण त्याच बिडाच्या तव्यावरनं घावन कसं सुटतं ते शिकवलं आमच्या हिनं. तिचं माहेर कुडाळजवळ. तिच्या आईचा तवा गोणपाटात गुंडाळून फोंडा घाटातनं आमच्याकडं आला, आणि पहिल्याच वर्षी माझ्या हातनं गेला. ते शेवटी सांगतो.

आधी घेताना काय बघायचं. तवा एका कानाला धरून लोंबता ठेवा आणि चमच्यानं वाजवा. टण्ण करून आवाज लांबत गेला तर माल चांगला. बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे, डोळ्याला दिसो न दिसो. मग आतल्या अंगावरनं बोटाचं पेर फिरवा. बारीक खरखर असणारच, ती साच्याच्या वाळूची. पण टाचणी अडकेल अशी भोकं असतील तर सोडून द्या, आंबोळी बरोबर तिथंच धरते. बूड कडाप्प्यावर ठेवून डुगडुगतं का बघा. दहा इंची तवा दोन किलोच्या आसपास भरतो, तेव्हा मनगट दुखत असेल तर आठ इंची घ्या. त्यात कमीपणा नाही.

नव्या तव्यावर गंजू नये म्हणून काहीतरी फासलेलं असतं, तेल नाहीतर मेण. ते गरम पाणी, साबण आणि काथ्यानं निघेपर्यंत घासायचं. या एकदाच साबणाचा हात सैल ठेवा. मग लगेच गॅसवर चढवून हाडापर्यंत वाळवायचा. कोरडं बीड राखाडी दिसतं. त्याला बघता बघता तांबूस झाक येते, म्हणून पुढचं काम उद्यावर टाकू नका.

आता मुरवणं, म्हणजे तव्यावर तेलाचा थर तापवून पक्का बसवणं. तवा हाताला सोसेल इतका कोमट असताना अर्धा चमचा तेल टाकून फडक्यानं सगळीकडं चोळा. वरनं, खालनं, कानांनासुद्धा. मग दुसरं कोरडं फडकं घ्या आणि चुकून तेल लागलं होतं अशा रागानं ते पुसून काढा. सगळी मेख इथंच आहे. मी पहिल्यांदा तेल चकचकीत ठेवलं होतं. मधासारखे चिकट ओघळ झाले आणि ते खरवडायला एक रविवार गेला. पुसलेला तवा मध्यम आचेवर ठेवा, खिडकी उघडा. धूर येईल, वास येईल. धूर थांबला की गॅस बंद. गॅसची आच गोल लागते, म्हणून मधेमधे तवा चिमट्यानं सरकवत राहायचं, नाहीतर मधे काळा आणि कडेला राखाडी राहतो. ओव्हन असेल तर पालथा घालून 230 अंशांवर तासभर. थंड झाला की परत तेच. चार-पाच फेऱ्यांनी रंग तपकिरीवरनं काळ्याकडं झुकतो. बोट फिरवलं तर तेलकट लागता कामा नये.

तेल कुठलं, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. मी घाण्याचं करडईचं वापरतो. करडई, जवस ही सुकणारी तेलं. पातळ थर तापला की हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याची कडक कातडी होते, जवसाच्या तेलाचा रंग वाळतो तशीच. शेंगदाण्याचं तेलही चालतं, जरा सावकाश. खोबरेल मात्र जवळपास सुकतच नाही. हे सांगितलं की ही म्हणते, "माझ्या आईनं जन्मभर खोबरेलच लावलं." तिचंही खोटं नाही. त्या तव्यावर रोज आठ-दहा घावनं निघत होती, आणि रोजचा तवा कुठल्याही तेलाला नांदवून घेतो. शिवाय ज्या गुणामुळं खोबरेल सुकत नाही त्याच गुणामुळं ते लवकर खवटत नाही. म्हणून तवा पावसाळाभर माळ्यावर टाकायचा असेल तर तिचं ऐकायचं. खोबरेलाचं बोट फिरवायचं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा.

वापरायला सुरुवात कांद्यानं करा. दोन कांदे चिरून जरा जास्त तेलात परता, ते खाऊ नका. घावन लगेच घालायची घाई नको. तवा मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापू द्यायचा. बीड सावकाश तापतं, पण एकदा तापलं की गार पीठ पडल्यावरही दमत नाही. पाण्याचा थेंब टाकल्यावर पळत सुटला की तयार. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवा, ताकासारखं पातळ पीठ कडेनं आत ओता, झाकण घाला. जाळी पडते, मिनिटभरात कडा आपणहून उचलते, कागद वर यावा तशी. तोवर कालथा हातात घ्यायचाच नाही. कडा उठली नसेल तर तुम्ही ओढूही नका. पहिलं घावन तव्याचं, हे धरून चाला.

भाकरीला हा तवा नको. तिला पातळ पत्र्याचा लोखंडी तवा बरा, पटकन तापतो आणि पटकन उतरतो. मासळीचा तवाही वेगळा ठेवा, नाहीतर सकाळच्या घावनाला बांगड्याची आठवण येते. कोकम, चिंच, टोमॅटो घातलेलं बिडाच्या कढईत शिजत ठेवू नका. आंबटानं थर उतरतो आणि रश्शाला लोखंडाची चव येते. वांगं काळं पडतं, त्यात बिघडलेलं काही नसतं. घरात थॅलेसेमियाचा पेशंट असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच ही भांडी वापरा, पोटात लोह जातं.

धुण्याचं फार बाऊ करतात. तवा कोमट असताना गरम पाणी आणि काथ्या, बास. फारच तेलकट असेल तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब चालतो, मुरलेला थर त्यानं निघत नाही. तारेची घासणी नको आणि रात्रभर भिजत तर नकोच. धुतला की मिनिटभर गॅसवर, मग तेलाचं बोट. गंज आलाच तर जाड मीठ आणि कापलेल्या बटाट्यानं घासा, धुवा, वाळवा, दोन फेऱ्या मुरवा. टाकून देण्यासारखं त्यात काही नाही.

आता माझी चूक. शेवटची आंबोळी निघाली, तवा कडकडीत होता, आणि मी शहाणपणा करून तो तसाच नळाखाली धरला. साधा 'टक्' एवढाच आवाज झाला. कानापासून मधल्यापर्यंत चीर. बिडात तीन टक्क्यांच्या वर कार्बन असतो, त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापड्या होऊन बसलेला. एकदम गार पाण्यानं ताण आला की चीर एका पापडीवरनं दुसरीवर पळते. हे मी रोज कामावर बघत होतो, आणि घरी विसरलो.

वेल्डिंग करून बघतो म्हणालो. ही काही बोलली नाही, ते जास्त लागलं. नीट वेल्डिंगला अख्खा तवा तापवून निकेलचा रॉड वापरायला लागतो, तरी चीर शेजारून परत येते, आणि त्या जोडावर घावन धरणारच. शेवटी तवा चिरेवर फोडला आणि पुढच्या सोमवारी दोन तुकडे पिशवीत घालून कामावर नेले. तुटलेली बाजू आतनं राखाडी, मिठासारखी दाणेदार. क्युपोलाला, म्हणजे बीड वितळवायच्या भट्टीला, भंगार लागतंच, त्यात टाकले. पुढं त्याचं पंपाचं कव्हर झालं असेल, नाहीतर ब्रेकड्रम.