तंबाखूमुक्त शाळेची गावसमिती: या चुका टाळा

समिती झाली, फलक लागला, फोटोही निघाले. तरी पोरांच्या खिशात पुडी सापडतेच. अशा वेळी आधी मुलांकडून भरून घेतलेला पाहणीचा कागद तपासा. ‘तंबाखू खातोस का?’ असं विचारलं की मिशरी लावणारी मुलगी आणि खर्रा खाणारा मुलगा दोघंही ‘नाही’ लिहितात. त्यांच्या लेखी ते खोटंही नसतं. मिशरी, खर्रा, मावा, गुटखा, विडी, सिगारेट असं एकेक नाव घेऊन ‘गेल्या ३० दिवसांत’ म्हणून विचारा. कागदावर नाव नको, हजेरी क्रमांकही नको. वर्गशिक्षक बाकांमधून फिरत असतील तर उत्तरं वाया गेली समजा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच प्रश्नांनी पुन्हा पाहणी करा.

दुसरी चूक म्हणजे सडलेल्या जबड्याची चित्रं दाखवणाऱ्या एका तासाच्या व्याख्यानावर भिस्त. दिल्ली-चेन्नईतल्या ३२ शाळांमध्ये ‘मैत्री’ प्रकल्पाची दोन वर्षं चाचणी झाली. त्यात सहावी आणि आठवीच्या वर्गांत कृतिसत्रं, मुलांमधूनच निवडलेले गटप्रमुख, पोस्टर आणि पालकांना पत्रं हे सगळं मिळून होतं. तिथे वापर घटला. चाचणीतल्या ज्या शाळांत हे राबवलं नव्हतं, तिथे वाढला. समित्या मात्र वेळ नाही म्हणून सत्रं गाळतात आणि पोस्टर तेवढं ठेवतात. मग परिणामही पोस्टरपुरताच.

टपरीचा वाद अंतरावरून होतो. टपरीवाला फाटकापासून रस्त्याने मोजतो. शाळेभोवती १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, तंबाखू विकायला बंदी आहे आणि नियमाप्रमाणे हे अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी सरळ रेषेत मोजायचं. मागच्या भिंतीपलीकडची टपरीही त्यात येते. ती कुणा सदस्याच्या पाहुण्याची निघाली की विषय ‘पुढच्या बैठकीत’ जातो. म्हणून पहिल्याच बैठकीत ठराव करा: पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने पोलीस ठाण्यात, प्रत ग्रामपंचायतीला, दोन्हीकडून पोच. २००३ च्या तंबाखू कायद्यातला दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, हे टपरीवाल्याला पाठ असतं. पण १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. पहिल्या भेटीत, आवाज न चढवता, तेवढंच सांगा.

आणि सगळं काम ३१ मेच्या, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिनाच्या, फेरीला बांधू नका. तेव्हा शाळेला सुट्टी असते! शाळा भरताच बैठक, जुलैत पाहणी, दिवाळीच्या सुट्टीआधी निम्मी सत्रं, उरलेली फेब्रुवारीपर्यंत. मार्चमध्ये परीक्षांमुळे तास मिळत नाही.