मिरगाच्या आधी टाक्यांची वीज तपासा : परड्यात रंगीत मासे पाळणाऱ्यांसाठी सल्ला

मिरग तोंडावर आला. कौलं चाळून झाली, बी-खत घरात येऊन पडलं. ज्यांच्या परड्यात किंवा गोठ्यालगतच्या पत्र्याच्या शेडात गप्पी, मोली, एंजलच्या टाक्या आहेत त्यांनी आणखी एक काम याच आठवड्यात उरकावं. मेन स्विच बंद करावा आणि प्रत्येक टाकीपासून बोर्डापर्यंत वायरीचा माग काढत जावं. कुठे उंदरानं कुरतडलं आहे, कुठे टेप सुटून लोंबते आहे, कुठला प्लग काळवंडला आहे, हे आता दिसलं तर बरं. झड लागल्यावर ते बघायला कुणी जात नाही.

आपल्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल सुटते. कणकुंबी-जांबोटीकडे तर चुलीजवळचं लाकूडसुद्धा कोरडं राहत नाही. जुलैत पारा विशीच्या आसपास येतो, म्हणून हीटर लागतात. दिवसभर अंधारून येतं, म्हणून दिवे जास्त वेळ जळतात. करंट दिवसातून अनेकदा जातो-येतो. टाक्यांना वीज सगळ्यात जास्त लागते ती नेमकी वर्षातल्या सगळ्यात ओल्या महिन्यांत.

स्वतःच्या हातानं लाइट बसवायला माझी ना नाही. मी स्वतः बसवतो. पण एक हद्द ठरवून घ्या. अॅडाप्टरच्या पुढची १२ व्होल्टची बाजू तुमची. अॅडाप्टरच्या अलीकडची २३० व्होल्टची बाजू लायसनवाल्या वायरमनची. ही हद्द ओलांडू नका, मग तुम्हाला मोटर बांधता येत असो की स्टार्टर दुरुस्त करता येत असो.

असं का म्हणतो ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी आर्द्रा नक्षत्रात एका संध्याकाळी मी टाकीतली मेलेली पानं काढायला हात घातला. पाय अनवाणी, खाली ओली फरशी, डावा हात लोखंडी स्टँडवर. कोपरापर्यंत झिणझिणी आली आणि हात आपोआप मागे आला. टाकीतले मासे मात्र मजेत फिरत होते, सकाळी दाणेही खाल्ले होते. हीटर काढून बघितला तर काचेला केसाएवढी चीर. त्या चिरेतून पाणी आत जाऊन सगळी टाकीच फेजवर, म्हणजे करंट असलेल्या तारेच्या संपर्कात, आली होती.

मासे जिवंत आहेत म्हणजे पाण्यात करंट नाही, असं आपल्याकडे सर्रास समजतात. ते साफ चूक आहे. तारेवर बसलेल्या पाखराला शॉक लागत नाही, कारण करंटला त्याच्या अंगातून जमिनीकडे जायला वाट नसते. काचेच्या टाकीतल्या माशाचंही तेच. काच वीज वाहू देत नाही, त्यामुळे पाणी फेजवर असलं तरी करंट कुठेच वाहत नाही. तुम्ही ओल्या जमिनीवर उभे राहून हात घातलात की वाट तयार होते, आणि ती वाट म्हणजे तुमची छाती.

म्हणून पावसाआधी एकच वस्तू घ्यायला पैसे असतील तर आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडून लाइन तोडणारा स्विच, घ्या, ३० मिलिअँपिअरची. बोर्डात एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच) आहे, मग ही कशाला, असं बरेचजण विचारतात. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. ६ अँपिअरची एमसीबी ६ अँपिअर, म्हणजे ६००० मिलिअँपिअरच्या वर लोड गेल्याशिवाय पडत नाही. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट थोडा वेळ जरी वाहिला तरी हृदयाची लय बिघडू शकते. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघते. मध्ये कुठे गळती झाली, म्हणजे थोडा करंट पाण्यातून किंवा माणसातून जमिनीत गेला, की ती क्षणात लाइन तोडते. तिच्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. पडली तर चांगली, नाही पडली तर त्याच दिवशी बदलायची. अमावास्या लक्षात ठेवली की तारीख चुकत नाही.

तिच्याही मर्यादा सांगायला हव्यात. एका हाताला फेज आणि दुसऱ्या हाताला न्यूट्रल लागला तर तिला काही कळत नाही, कारण गेलेला करंट परत येतोच आहे. दुसरं, इन्व्हर्टर असेल तर वायरमनला विचारा की इन्व्हर्टरची लाइन आरसीसीबीतून जाते का. पुष्कळ घरांत ती बाहेरून फिरवलेली असते, आणि पावसाळ्यात तर निम्मा वेळ आपण इन्व्हर्टरवरच असतो.

आरसीसीबीच्या जोडीला अर्थिंग पाहिजेच. अर्थिंग असलं तर हीटरचा किंवा पंपाचा धातूचा भाग फेजवर आल्याबरोबर लाइन पडते, कुणी हात लावायची वाट बघावी लागत नाही. काचेच्या टाकीत मात्र पाण्यालाच जमिनीचा संबंध नसतो. तिथे आरसीसीबी असेल तरच, पाण्यात सोडायची टायटॅनियमची अर्थिंग सळी लावून घ्यावी. आरसीसीबी नसताना ही सळी लावली तर उलट धोका.

तीन पिनांचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे, हे धरून चालू नका. मी ज्या ज्या शेडात बघितलं तिथे निम्म्या ठिकाणी वरच्या मोठ्या भोकात वायरच नव्हती. मातीचाही फरक पडतो. खानापूर-बेळगावकडच्या जांभ्यात अर्थिंग मुळातच नीट बसत नाही, उन्हाळ्यात तर खड्डा ठणठणीत कोरडा असतो. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात ते चांगलं बसतं, पण तिथेही माती भेगाळली की सळीपासून सुटते. वायरमनकडून मोजून घ्या, आणि मे महिन्यात मोजा. पावसात मोजलं तर सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं येतं.

शेतातल्या पंपाच्या लाइनीवरून शेडला वायर ओढू नका. पंप चालू-बंद होताना व्होल्टेज वरखाली होतं, हीटर-अॅडाप्टर जळतात, आणि त्या लाइनीवर आरसीसीबी बहुधा नसतेच.

आता आपल्या हद्दीतलं काम, एलईडी पट्टीचं. तीन फुटी टाकीला दोन ओळींत मिळून साधारण १.८ मीटर पट्टी लागते. ५०५० जातीची, मीटरला ६० दिव्यांची पट्टी मीटरमागे साधारण १४.४ वॉट खाते. म्हणजे २६ वॉट, १२ व्होल्टवर सव्वादोन अँपिअरच्या आत. अॅडाप्टर ३ अँपिअरचा घ्या, कारण पूर्ण ताकदीवर सतत चालणारा अॅडाप्टर पत्र्याखाली फार दिवस टिकत नाही. पट्टी कापायची ती छापलेल्या खुणेवरच. अॅडाप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा), 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि एकात एक दोन चौकोनांची खूण बघा. ती खूण म्हणजे आत दुहेरी इन्सुलेशन आहे. बाजारात वजनाला हलका, नाव नसलेला अॅडाप्टर निम्म्या किमतीत मिळतो. तो टाकीवर लावू नका. आतलं इन्सुलेशन फुटलं की तुमच्या १२ व्होल्टच्या पट्टीत २३० येतात आणि हद्द पुसली जाते.

याच कारणानं एक गोष्ट हात जोडून सांगतो. गेलेल्या एलईडी बल्बातली किंवा ट्यूबमधली दिव्यांची पाटी काढून टाकीवर बसवायचे प्रकार पोरं करतात, मोबाइलवर बघून. पुष्कळ स्वस्त बल्बांत मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. त्या पाटीचा दिवा न दिवा मेन लाइनीला जोडलेला असतो. दिवा लहान, पण शॉक पूर्ण २३० व्होल्टचा. घरात अशी जोडणी असेल तर आजच काढा.

पट्टी अॅल्युमिनियमच्या पन्हाळीत चिकटवा, उष्णता निघून जाते आणि वाफेनं गोंद सुटत नाही. पट्टी आणि पाणी यांच्यामध्ये काचेचं झाकण हवंच. सिलिकॉनचा थर असलेली पट्टी 'वॉटरप्रूफ' म्हणून विकतात. तो थर शिंतोड्यांपुरता असतो, पाण्यात बुडवण्यासाठी नाही. १२ व्होल्टनं तुम्हाला काही होणार नाही, पण ती पाण्यात पडली तर तांबं झिजून पाण्यात उतरतं, आणि कोळंबी-गोगलगायी त्या तांब्यानं आधी मरतात. सांधा डाग देऊन (सोल्डर करून) करा आणि वर हीट श्रिंकची नळी चढवा. नुसती काळी टेप आषाढात सुटते. सांधा बंद करायला सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको. काच चिकटवायला ते उत्तम, तांब्याला मात्र ते गंजवतं. दुकानात 'न्यूट्रल' मागा.

१२ व्होल्टला शॉक नाही म्हणून आगही नाही, असं नाही. बॅटरीची वायर शॉर्ट झाली तर ती लाल होते. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज घाला, मग पुढे काहीही जोडा.

बॅटरीचं नाव निघालं म्हणून हवेच्या पंपाकडे येतो. करंट गेल्यावर मासे मरतात ते बहुतेक वेळा अंधारानं किंवा थंडीनं नाही, हवा बंद झाल्यानं. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी आणि ३ वॉटचा डीसी पंप घेतला, बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली, तरी साधारण १४ तास हवा मिळते. पूर्ण रिकामी केली तर बॅटरी लवकर मरते. करंट नसेल त्या दिवशी खाणं घालू नका. एक दिवस उपाशी राहिल्यानं मोठा मासा मरत नाही, घाण झालेल्या पाण्यानं मरतो.

साधा २३० व्होल्टचा पंप असेल तर तो पाण्याच्या पातळीच्या वर, खिळ्याला टांगा. खाली ठेवलेल्या पंपात करंट गेल्यावर नळीतून टाकीचं पाणी उलटं उतरतं. करंट आला की तो भिजलेला पंप सुरू होतो. जागा नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. अगदी थोड्या पैशांची वस्तू आहे, आणि मी बघितलेल्या निम्म्या शेडात ती नव्हती.

प्रत्येक वायरीला झोळ द्या. वायर सॉकेटच्या खालपर्यंत उतरून मग वर जायला हवी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाला टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. बोर्ड टाकीच्या बाजूला, छातीच्या उंचीवर. टाकीखाली जमिनीवर टाकलेला एक्स्टेन्शन बोर्ड आज उचला.

हीटर लिटरला १ वॉट, हा साधारण हिशेब. शंभर लिटरला १०० वॉटचा एक घेण्यापेक्षा ५० चे दोन घ्या. थर्मोस्टॅट चालूच राहून अडकला तरी एकटा ५० चा टाकी शिजवू शकत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा रात्र काढतो. पाणी बदलायच्या आधी प्लग काढा, नुसता स्विच नको, आणि १५ मिनिटं थांबा. तापलेला हीटर उघडा पडून त्यावर गार पाणी लागलं की काच तडकते. माझ्या हीटरची चीर अशीच पडली असणार. आधी सगळे प्लग, मग हात, हा नेम घरातल्या पोराबाळांनाही लावा.

दिवे आठ तास पुरे. ढगाळ आहे म्हणून बारा-चौदा तास ठेवले की काचेवर हिरवं शेवाळ चढतं. टायमर घेणार असाल तर आत बॅटरी असलेला घ्या. चकतीचा टायमर करंट जाईल तितका मागे पडतो, आणि आठवड्याभरात दिवे मध्यरात्री लागतात.

विजांचं म्हणाल तर त्या मिरगाच्या आधीच्या वळवात आणि परतीच्या पावसात जास्त, आषाढाच्या झडीत कमी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अॅप फोनवर ठेवा, जवळपास वीज पडायची शक्यता असेल तर इशारा मिळतो. गडगडाट ऐकू आला की प्लग काढा, आणि तोपर्यंत हवा बॅटरीवर. वीज डोक्यावर आल्यावर मात्र बोर्डाला हात लावायला जाऊ नका.

नवीन युनिट उभं करणाऱ्यांना एक सांगणं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परड्यातल्या शोभिवंत माशांच्या युनिटलाही जागा आहे. अंदाजपत्रक करताना वायरिंग, अर्थिंग आणि आरसीसीबी पहिल्या पानावर लिहा. टाक्या नंतर वाढवता येतात.

शॉक लागून कुणी चिकटलं तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर दूर सारा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगानं दाबत राहा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. खांबावरची तार तुटली असेल तर जवळ न जाता वीज कंपनीच्या १९१२ ला कळवा.

गणपतीत आणखी एक भानगड होते. आरासीची माळ, फिरतं चक्र, साउंड, सगळं टाकीच्याच बोर्डात खुपसलं जातं, कारण सोप्यात तोच बोर्ड हाताशी असतो. आरासीला दुसऱ्या सॉकेटवरून लाइन घ्या, आणि मूर्ती घरात यायच्या आदल्या दिवशी आरसीसीबीचं बटण एकदा दाबून बघा.