कॉन्जुगेशनच्या प्रॅक्टिकलमध्ये या चुका टाळा

कॉन्जुगेशन म्हणजे एका जिवाणूने (दात्याने) दुसऱ्याला (ग्राहीला) चिकटून प्लाझ्मिड, म्हणजे क्रोमोसोमपासून वेगळं असलेलं डीएनएचं वलय, देणं. प्लेट कोरी राहिली की सगळे घाबरतात. खरं तर प्लेट कॉलन्यांनी भरली तर जास्त सावध व्हायला हवं.

समजा, दात्याच्या प्लाझ्मिडवर कॅनामायसिनला दाद न देणारं जनुक आहे आणि ग्राही ई. कोलाय स्ट्रेप्टोमायसिनला पुरून उरतो. दोन्ही औषधांच्या प्लेटवर फक्त प्लाझ्मिड मिळालेला ग्राही वाढावा, अशी अपेक्षा. पण दात्याच्या कोट्यवधी पेशींत एखादी आपोआप म्युटेशन होऊन स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारी निघू शकते. म्हणून त्याच प्लेटवर एकटा दाता आणि एकटा ग्राहीसुद्धा लावा. ‘प्लेटा वाया जातात’ म्हणून नेमके हेच कंट्रोल गाळले जातात! ॲम्पिसिलिन वापरत असाल, तर मोठ्या कॉलनीभोवती उगवलेल्या बारीक कॉलन्या मोजू नका. मोठ्या कॉलनीतून पाझरलेल्या बीटा-लॅक्टमेजने (ॲम्पिसिलिन तोडणाऱ्या एन्झाइमने) तिथलं औषध संपवलेलं असतं, एवढंच.

आता कोरी प्लेट. पहिला संशय शेकरवर घ्या. एफ नावाचं प्लाझ्मिड असलेल्या पेशी लांब, लवचिक पिलसने (पेशीबाहेर आलेल्या केसासारख्या तंतूने) जोडीदार पकडतात; जोरात हलवलं की जोड्या तुटतात. मिश्रण ३७ अंशांवर न हलवता ठेवा. दात्याचं कल्चर रात्रभराचं शिळं नको, कारण वाढ थांबलेल्या एफ पेशींवर पिलस जवळपास नसतातच. दात्याच्या ब्रॉथमधलं (पातळ माध्यमातलं) औषध आधी धुऊन काढा, नाहीतर ते ग्राहीलाच मारेल. धुताना व्हॉर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र) नको. प्लाझ्मिड आरपी४ असेल तर ब्रॉथच्या नादी लागू नका. त्याचे पिलस ताठ असतात, जोड्या फिल्टरवर किंवा अगारवरच नीट जमतात.

वेळेतही घाई होते. सुमारे १०० किलोबेसचं एफ प्लाझ्मिड दोनेक मिनिटांत पलीकडे जातं, पण जोडी जमायला आणि नव्या जनुकाचं प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो. तासभर तरी द्या.

व्हायव्हातली नेहमीची चूक म्हणजे ‘दाता प्लाझ्मिड गमावतो’. ओरि-टीपाशी (हस्तांतर जिथून सुरू होतं त्या जागी) डीएनएचा एकच धागा कापला जाऊन पलीकडे जातो. दोन्हीकडे जोडधागा तयार होतो, दाता दाताच राहतो. एचएफआरच्या, म्हणजे एफ प्लाझ्मिड क्रोमोसोममध्येच बसलेल्या दात्याच्या, बाबतीत मात्र ग्राही सहसा दाता बनत नाही, कारण एफचा बराचसा भाग सगळ्यात शेवटी येतो. अख्खं क्रोमोसोम जायला सुमारे १०० मिनिटं लागतात आणि तोवर जोडी बहुधा तुटलेली असते.