अमेरिकेने हवाई बेटं गिळायला त्यांच्याच राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने विरोध का केला, हे वाचायचं कसं

हवाईचं प्रकरण वाचायला घेतलं की लोक थेट 1898 वर उडी मारतात, राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली, स्पेनशी युद्ध, झालं हवाईचं अमेरिकेत विलीनीकरण. तसं करू नका. आधी हवाईची राणी लिलिउओकलानी हिचं 17 जानेवारी 1893 चं, बंडवाल्यांनी तिला गादीवरून उतरवलं त्या दिवसाचं, निषेधपत्र काढा, नेटवर मिळतं, छोटंसंच आहे. त्यात ती बंडवाल्यांना शरण जातच नाही, अमेरिकेच्या बळापुढे झुकते म्हणते, आणि तेही अमेरिकन सरकार आपल्या माणसाची, म्हणजे राजदूत स्टीव्हन्सची, करणी निस्तरेपर्यंतच. पक्की वकिली खाच आहे, पुढचं सगळं तिथेच अडकलंय.

मग तारखा कागदावर मांडा. 14 फेब्रुवारीला मावळत्या राष्ट्राध्यक्ष हॅरिसनच्या सरकारने घाईघाईत विलीनीकरणाचा करार उरकला, 4 मार्चला क्लीव्हलँड आला आणि 9 मार्चला करार सिनेटमधून परत घेतला. पाच दिवसांत! वर आपला खास दूत ब्लाउंट याला हवाईच्या राजधानीत, होनोलुलूला, चौकशीला धाडलं.

आता खरं काम, क्लीव्हलँडने 18 डिसेंबर 1893 ला अमेरिकन संसदेला, म्हणजे काँग्रेसला, दिलेला संदेश. लांबलचक आहे, कंटाळा येईल, पण बंडाच्या वेळी यूएसएस बोस्टन या अमेरिकन युद्धनौकेवरून उतरवलेल्या सैनिकांचा भाग दोनदा वाचा. त्याचं म्हणणं साधं आहे, अमेरिकन लोकांना सांभाळायचं होतं तर तुकडी त्यांच्या घरांपाशी ठेवायची ना, राजवाडा आणि सरकारी इमारत टप्प्यात येईल अशी का उभी केली? मला तरी अख्ख्या संदेशात हाच मुद्दा सगळ्यात जास्त बोचतो. आणि शेजारी राजदूत स्टीव्हन्सचं पत्र ठेवा, हवाईचं नासपती पूर्ण पिकलंय, तोडायची हीच वेळ, असं लिहून मोकळा झालेला माणूस हा.

दुसरी बाजू हवीच, त्यासाठी सिनेटर मॉर्गनच्या समितीचा 1894 चा मॉर्गन रिपोर्ट. गंमत म्हणजे मॉर्गन क्लीव्हलँडच्याच पक्षाचा, पण कट्टर विलीनीकरणवाला.

तरी क्लीव्हलँडला लगेच डोक्यावर घेऊ नका. विलीनीकरणाला विरोध आणि राणीला गादी परत देणं हे दोन रकाने वेगळे ठेवा. पहिल्यात तो ठाम, दुसऱ्यात बंडवाल्यांच्या सरकारचा प्रमुख डोल याने ठणकावून नाही म्हटल्यावर गप्प बसला, आणि पुढे डोलच्याच रिपब्लिकला मान्यताही देऊन टाकली.

1898 आता उघडा, आणि मतांचं गणित बघा: कराराला सिनेटमध्ये दोन तृतीयांश लागतात, 21 हजारांवर हवाईयन सह्यांचा विलीनीकरणविरोधी अर्ज आधीच वॉशिंग्टनला पोचलेला, तेवढी मतं जमेनात, म्हणून संयुक्त ठराव आणला, त्याला साधं बहुमत पुरतं.