सप्ताहात उमेदवार आला तर

विधानसभेची आचारसंहिता लागलीय आणि गावात हरिनाम सप्ताह आहे? मग काल्याच्या कीर्तनाला उमेदवार येणार हे धरूनच चाला. येऊ द्या, दर्शन घेऊ द्या, पंगतीला बसवा. देवळातून कुणाला हाकलणार? फक्त माइक द्यायचा नाही. आमच्याकडे तो विणेकऱ्याच्या पायाशीच असतो, कारण "दोनच शब्द बोलतो" म्हणणाऱ्याचे दोन शब्द अर्धा तास चालतात.

नारळ-शाल सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. देणगीदाराचा फ्लेक्स पक्षचिन्हासकट आला तर चिन्हावर कागद डकवत बसू नका, फ्लेक्सच परत पाठवा.

पोरं कुरकुरतील. त्यांना १९८८ चा धार्मिक संस्था दुरुपयोग प्रतिबंध कायदा सांगा: देवळाची जागा राजकीय कामाला दिली तर व्यवस्थापकांना पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे गोत्यात आपणच. उमेदवारालाही ऐकवा: धर्माच्या नावावर मत मागितलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली निवडून आलेली जागा जाऊ शकते. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यात उमेदवाराच्या धर्माबरोबर मतदाराचा धर्मही धरला.

तरीही भाषण ठोकलंच, तर व्हिडिओ काढून सी-व्हिजिल ॲपवर (निवडणूक आयोगाचं, आचारसंहिताभंगाच्या तक्रारीसाठीचं) टाका. मंडपातूनच, घरी जाऊन नव्हे. ॲप जागेचं लोकेशन घेतं.