डायलेटर घालण्याआधी वायर शिरेत दिसली पाहिजे

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली नळी) टाकताना नुसती सुई कॅरोटिडमध्ये, म्हणजे मानेतल्या मोठ्या धमनीत गेली, तर ती काढून दहा मिनिटं दाबून धरलं की बहुधा निभावतं. डायलेटर (वायरवरून घालून वाट रुंद करणारी जाड नळी) गेल्यावर कळलं, तर मात्र व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवावं लागतं, आणि ते येईपर्यंत डायलेटर किंवा कॅथेटर उपसायचा नाही.

उजवी इंटर्नल ज्युग्युलर, म्हणजे मानेतली मोठी शीर धरूया. पलंगाचं डोकं 10–15 अंश खाली. मान 30 अंशांहून जास्त वळवू नका. जास्त वळवली की शीर कॅरोटिडवर चढते. गाउन घालायच्या आधीच अल्ट्रासाउंडच्या लिनियर प्रोबने दाबून बघा: शीर चपटी होते, कॅरोटिड गोल राहून उडत राहते. शीर बारीक दिसली तर बाजू तेव्हाच बदलता येते.

अल्कोहोलमधलं 2 टक्के क्लोरहेक्सिडिन घासून पूर्ण वाळू द्या. ड्रेप (निर्जंतुक चादर) डोक्यापासून पायापर्यंत हवा. वायर लांब असते, छोट्या ड्रेपबाहेर उशीला हमखास लागते.

आडव्या छेदात दिसणारा पांढरा ठिपका सुईचं टोकच असेल असं नाही. मधला दांडाही तसाच दिसतो. प्रोब पुढे सरकवून ठिपका घालवा, मग सुई थोडी पुढे घेऊन तो परत आणा. असं करत शिरेत शिरा.

रक्ताच्या रंगावर जाऊ नका. बीपी आणि ऑक्सिजन पडलेल्या पेशंटचं धमनीतलं रक्तही काळपट असतं. सिरिंज काढताच हबवर (सुईच्या मागच्या तोंडावर) बोट ठेवा, नाहीतर हवा आत ओढली जाते. सुईतून वायर 15–18 सेंमी आत पुरे; एक्टोपिक (हृदयाचे जादा ठोके) आले तर 2–3 सेंमी मागे घ्या. अडली तर रेटू नका, सुईतून ओढूनही काढू नका, ती तुटू शकते. सुई आणि वायर एकत्रच काढा.

आता प्रोब परत लावा. वायर आडव्या आणि उभ्या, दोन्ही छेदांत बघा, कॉलरबोनपर्यंत माग काढा. कधीकधी ती शिरेची मागची भिंत भेदून कॅरोटिडमध्ये गेलेली असते. शंका उरलीच तर वायरवरून 18 नंबरची कॅन्युला सरकवा, वायर काढा, एक्स्टेन्शन ट्यूब रक्ताने भरू द्या आणि उभी धरा. रक्त खाली उतरलं तर शीर, चढत राहिलं तर धमनी.

डायलेटर शिरेपर्यंतच न्यायचा, हबपर्यंत नाही. दर सेंटिमीटरला वायर मोकळी हलते का बघा. वाकलेल्या वायरवरून डायलेटर भिंत फाडतो.

वायरचं टोक मागच्या पोर्टमधून बाहेर येऊन हातात आल्याशिवाय कॅथेटर पुढे ढकलू नका. उजवीकडून 13–15 सेंमी. काढलेली वायर सिस्टरला दाखवा, मग एक्स-रे सांगा.