खाचरात नाही, वरकसावर: शिवसागरात होडीनं दोन मुक्काम

माझं सातारला ताडपत्री आणि रेक्झिन शिवायचं दुकान आहे. ट्रकच्या ताडपत्र्या, रिक्षांची हुडं, पावसाळ्याच्या तोंडावर गाड्यांची कव्हरं. पाण्याशी माझं नातं ते आत शिरू नये एवढंच होतं. पाच वर्षांपूर्वी धाकट्या भावानं गोव्याहून सोळा फुटी जुनी फायबरची कॅनो आणली आणि दुकानासमोर उतरवून म्हणाला, "ताई, हिला कव्हर शिव." कव्हर शिवलं आणि मग तिच्यात बसलेही. कॅनो म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी होडी. तिच्यात दोघं बसतात, दोघांच्या हातात एकेरी पात्याचं सुटं वल्हं असतं आणि मधे सामान. घरात आम्ही तिला होडीच म्हणतो.

दर हिवाळ्यात आम्ही शिवसागर तळ्यावर, बामणोली-तापोळ्याच्या बाजूला तीन दिवस, दोन रात्री काढतो. ओळखीचे लोक विचारतात, काय काय लागतं? सामानाचं पुढं सांगते. त्याआधी तळं नीट समजून घ्या, कारण शिवसागर हे आपसूक झालेलं तळं नाही. कोयनेच्या धरणानं 1960 च्या दशकात अडवलेली ती एक अख्खी दरी आहे. जवळपास 50 किलोमीटर लांब, 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. माझ्या सासूबाईंचं माहेर त्या पाण्याखाली आहे. पहिल्या खेपेला निघाले तेव्हा त्यांनी एकच सांगितलं, "खाचरात उतरू नकोस, वरकसावर राहा." मला वाटलं, म्हातारीला जुनी शेती आठवली. दुसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलात उभी राहिले तेव्हा त्याचा अर्थ कळला.

झालं असं की पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरला काठोकाठ असतं आणि मग वीज आणि सिंचनासाठी सोडत सोडत मेपर्यंत उतरत जातं. म्हणजे तुमचा काठ रोज थोडा खाली सरकतो. उघडी पडते ती जुनी भाताची खाचरं. लांबून सपाट, हिरवट आणि तंबूला अगदी मापाची दिसतात. पण तो सगळा गाळ. वरून पापुद्रा वाळलेला, खाली लोणी. त्याच्या वर, पाणी पोचतच नाही अशा उतारावर, नाचणी-वरीची वरकस जमीन असते. ती मुरमाड, निचऱ्याची आणि थोडी तिरकी. मुक्काम तिथं करायचा. अंग थोडं उतारावर राहील, डोकं चढाकडं ठेवा म्हणजे झालं.

काठाला लागताना मी आता असं करते: होडीतून उतरायच्या आधी वल्हं उलटं धरून मुठीचं टोक गाळात दाबते. वीतभरात अडलं तर पाय टाकायचा. हातभर गेलं तर मुकाट्यानं पुढं सरकायचं आणि दगड किंवा लाल मुरूम दिसेल तिथं परत बघायचं. गाळात पाय रुतलाच तर ओढू नका. चप्पल तिथंच राहते (माझी एक अजून तिथं आहे). होडीच्या काठावर छाती टाकून आडवं व्हायचं आणि पाय हळूहळू फिरवत सोडवायचा. पायात चप्पल नकोच, मागून पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला.

परवानगीचं आधी उरका. पाणी जलसंपदा खात्याचं. पश्चिमेचा काठ म्हणजे कोयना अभयारण्य, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. स्वतःची होडी पाण्यात घालायची तर दोन्हीकडं आधी विचारा, जे लेखी मिळेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा. अभयारण्याच्या काठावर रात्र काढायची नाही, विषय संपला. वासोटा किल्ला करायचा असेल तर बामणोलीत वन खात्याकडं नोंद करून लाँचनं सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, तिथं मुक्कामाला बंदी आहे. धरणाच्या भिंतीकडं तर फिरकूच नका. मुक्काम पूर्वेच्या काठावर, कुणाच्या तरी रानात, त्या माणसाला विचारून. गावच्या पोलीस पाटलांना नाव, फोन आणि कुठल्या दिवशी कुठं असू ते सांगून ठेवायचं. मोबाइलची रेंज एका वळणावर असते आणि पुढच्या वळणावर नसते, म्हणून हे सांगणं कामाचं. आम्ही रानमालकाला पैसे देऊ केले की ते घेत नाहीत. मग घरच्या माउलीसाठी कंदी पेढ्यांचा पुडा नेतो, तो घेतात.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात नावही काढू नका. फेब्रुवारीनंतर गवत वाळून कोळ होतं, वणव्याची भीती असते आणि काठ फार खाली गेलेला असतो, होडी ओढताना जीव जातो.

आता पिशव्यांबद्दल, इथं मला बोलू द्या. बाजारात पाणी आत न शिरणाऱ्या पिशव्या मिळतात, चांगल्या असतात, महाग असतात. लोक माझ्याकडं रेक्झिन घेऊन येतात, "ताई, तशीच शिवून द्या." मी देत नाही. शिवलेली पिशवी पाणी आत घेतेच, सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक गळतं. पीव्हीसीचं कापड गरम हवेनं चिकटवून जोडावं लागतं, शिलाई नाहीच. तोंड बंद करायची पद्धत मात्र कुठल्याही पिशवीला सारखी. सामान भरलं की पिशवी मांड्यांत धरून गुडघ्यांनी दाबा, हवा फुस्स करून जाऊ द्या. मग दोन्ही ओठ जुळवून पट्टीवर तीन वेळा घट्ट गुंडाळा आणि बकल लावा. दोन वेढ्यांनी चालत नाही, तीन म्हणजे तीन. घरी परीक्षा घ्या: आत वर्तमानपत्र घालून बंद करा आणि पाण्याच्या बादलीत दगडाखाली अर्धा तास दाबून ठेवा. कागद कोरडा निघाला तरच त्यात झोपायचं अंथरूण भरा.

होडी भरताना जड सामान मधे आणि तळाला. पाण्याचे कॅन, शेगडी, शिधा तिथं. मागचं टोक पुढच्यापेक्षा किंचित जड असू द्या. समोरून वारा असेल तर मात्र एखादी पिशवी पुढं सरकवा, नाहीतर वारा नाक धरून होडी फिरवतो. दोन्ही टोकांत बूच घट्ट लावलेले रिकामे पाच लिटरचे कॅन दोरीनं बांधून ठेवा, होडी पाण्यानं भरली तरी तरंगत राहते. लाइफ जॅकेट अंगात हवं, बसायला गादी म्हणून नको. पोहायला येतं हे त्याचं उत्तर नाही, आमचा भाऊ कृष्णेत पोहत मोठा झाला, तोही घालतो. होडी उलटली तर तिला सोडायचं नाही, धरून राहायचं आणि काठाकडं ढकलत न्यायची. हे एकदा घराजवळ करून बघा. पण प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात नको, त्याच्या काठावर पाय ठरत नाही, चांगले पोहणारेही वर येऊ शकत नाहीत. आणि सांगलीकरांनो, तुमच्याकडं होड्यांच्या शर्यती जोरात होतात हे मान्य, पण कृष्णेच्या त्या पट्ट्यात मगरी आहेत. सरावाला डुंबायची जागा ती नव्हे.

वल्हवणं हातानं नाही, कमरेनं होतं. पुढचा माणूस ठेका धरतो, मागचा दिशा. दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्हं मारलं तरी होडी मागच्याच्या विरुद्ध बाजूला वळत राहते. दर वेळी बाजू बदलायची नसेल तर मागच्यानं वल्हं कमरेपाशी आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा आणि पातं होडीपासून जरासं बाहेर ढकलायचं. शंभर वेळा चुकतं, मग हात आपणच करू लागतो. सामान भरून आमचा वेग ताशी तीन-चार किलोमीटर. त्याहून जास्त धरून बेत आखू नका.

आणि वारा. सकाळी धुकं असतं, समोरचं दिसत नाही, तेव्हा निघू नका. लाँचवाल्यांनाही तुम्ही दिसत नाही. आठ-साडेआठला धुकं उठतं आणि पाणी ताटासारखं होतं. तिथून अकरापर्यंत जे काय अंतर कापायचं ते कापा. मग वारा सुटतो, आणि लांबलचक दरीत त्याला अडवायला काही नाही. पांढरे फेसाचे तुरे दिसायला लागले की काठ गाठा, चहा टाका. आम्ही काठापासून फार लांब जातच नाही, आणि खाडीसारखा एखादा फाटा ओलांडायचा असेल तर तो सकाळीच. मधेच लाट आलीच, किंवा लाँच जवळून गेली, तर फळीवरून खाली गुडघ्यांवर बसा आणि नाक लाटेकडं तिरपं धरा, आडवं पडू देऊ नका.

चारला मुक्कामाला लागायचं. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या डोंगराआड लवकर जातो आणि मग थंडी एकदम उतरते. होडी पूर्ण वर ओढा, पालथी घाला आणि झाडाला बांधा. हे तिन्ही करा. तिसऱ्या वर्षी मी होडी अर्धी पाण्यात ठेवून दोर एका दगडाखाली दाबला, "सकाळी लगेच निघायचंय" म्हणून. पहाटे दगड होता. होडी वाऱ्यानं पलीकडच्या वळणाला जाऊन गवतात बसली होती. ज्यांच्या रानात उतरलो होतो ते आजोबा आपल्या डोणीतून तिला घेऊन आले आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. भाऊ मात्र अजून रोज संध्याकाळी विचारतो, "ताई, दगड आणू का?"

जेवण पहिल्या दिवशी घरचं: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. दशम्या दुसऱ्या दिवशी टिकतात. तिसऱ्या दिवशी पिठलं-भात. स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर करा. चूल मांडायचीच तर गवत नसलेल्या काठाच्या दगडांत, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून हातानं चाचपून बघा. पिण्याचं पाणी गावच्या झऱ्याचं विचारून घ्या. तळ्याचं असेल तर गाळून, खदखदून उकळी आणून मग प्या. शिधा तंबूत ठेवू नका, रानडुकरं येतात. संध्याकाळी गवे पाण्यावर उतरतात. दिसले तर फोटोसाठी जवळ जाऊ नका, त्यांची वाट सोडा. लाकडं गोळा करताना, रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बूट हवेतच, फुरसं (विषारी साप) दिसत नाही. शौचाला पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब, वीतभर खड्डा, वर माती. कागद पिशवीत घालून परत.

रात्री दहिवर इतकं पडतं की पाऊस पडून गेल्यासारखा तंबू निथळतो. म्हणून तंबूवर वेगळी ताडपत्री ताणा, मधे हातभर हवा खेळू द्या. आणि घरी आल्यावर, कितीही दमलात तरी, तंबू आणि पिशव्या त्याच दिवशी उलट्या करून सावलीत दोरीवर टाका. उन्हात टाकलेलं पीव्हीसी दोन वर्षांत तडकतं. मग लोक ते चिकटवून मागायला माझ्या दुकानात येतात, आणि मला नाही म्हणावं लागतं.